इमारतीला निधी मिळतो, मावशींच्या पगाराला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने 'माझे घर, माझा अधिकार' हे गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, त्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरं आणि २० हजार कोटींचा महाआवास निधी असं सगळं आहे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या घरांचाही वेगळा विचार केलाय, हे वाचून आमच्या संघात सगळ्यांना बरं वाटलं होतं. कट्ट्यावर त्यावर बरीच चर्चा झाली. पण त्या चर्चेत आणि नंतर पेपरांत जे काही येत गेलं त्यातही एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, पण कृपया काटछाट न करता छापा ही विनंती.

मी नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार आहे, आणि आमच्यातल्याच काही जणांनी चालवलेल्या एका छोट्या निवासाचे हिशेबही मीच बघतो. आधी बँकेत होतो, त्यामुळे आकड्यांशी जुनी ओळख आहे. ज्येष्ठांच्या परवडणाऱ्या निवासासाठी पैसा कुठून येतो, कुठे येऊन अडतो, हे जे बघतोय तेच सांगतो.

आधी हे कोणासाठी बोलतोय ते स्पष्ट करतो. पुण्यात, लोणावळ्याकडे, मुंबईच्या बाहेर ज्येष्ठांसाठी खास सोसायट्या आणि असिस्टेड लिव्हिंगवाले (राहण्याबरोबर रोजची देखभालही देणारे) आहेत, चांगले आहेत, पण तिथे महिन्याला चाळीस-पन्नास हजार मोजणारा माणूस लागतो. दुसऱ्या टोकाला अगदी निराधार माणूस, त्याच्यासाठी श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये आहेत, संस्थांचे मोफत वृद्धाश्रम आहेत, कमी पडतात पण आहेत. मधल्याचं काय? सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत तीस वर्षं फिटर म्हणून काम केलेला माणूस घ्या. ईपीएफचं पेन्शन त्याला दोन-तीन हजार येतं (या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून १००० रुपयेच आहे), एफडीचं थोडं व्याज येतं, मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला, तो पाच-सात हजार पाठवतो, घर स्वतःचं पण तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं की त्या दिवसापासून दोघंही त्या घरात अडकले. हा माणूस निराधार नाही म्हणून सरकारी वृद्धाश्रमात बसत नाही, आणि महिना पन्नास हजार देण्याइतकाही नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे १ कोटी ११ लाख लोक होते, आता ते किती वाढले असतील याचा अंदाज कोणीही करू शकतो, आणि त्यातला फार मोठा भाग हा असाच मधला आहे.

आता पैशाचं. लोकांना वाटतं की ज्येष्ठांच्या निवासासाठी निधीच नाही. तसं नाहीये. बांधायला पैसा मिळतो, अवघड आहे पण मिळतो. चालवायला मिळत नाही.

आपल्याच राज्याचं उदाहरण बघा. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. जिल्ह्याला एक, शंभर जणांची सोय, कल्पना खरोखर चांगली होती, इमारती उभ्या राहिल्या आणि स्वयंसेवी संस्थांकडे चालवायला दिल्या. पण कायम विनाअनुदान तत्त्वावर! वार्षिक उत्पन्न १२ हजारांच्या वर असेल त्याच्याकडून महिना ५०० रुपये घ्यायचे, बाकीच्यांना मोफत. आता महिना ५०० रुपयांत माणसाचा चहा-नाश्ता तरी होतो का हो? ज्या संस्थांना गावातले देणगीदार मिळाले त्यांनी चालवलं, ज्यांना नाही मिळाले त्यांची ओढाताण झाली. दोष संस्थांचा नाही, योजनेत दर महिन्याच्या खर्चाचा रकानाच नव्हता.

मग २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम असं आहे, पण ते राज्य सरकारच्या मर्जीवर सोडलंय आणि तेही निराधारांपुरतंच. आमचा फिटर इथेही बाहेरच.

कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चाचं बघू. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये वृद्धाश्रम, डे केअर सेंटर आणि ज्येष्ठांच्या इतर सोयी हे सरळ लिहिलेलं आहे, म्हणजे नफ्याच्या २ टक्क्यांतून कंपनीला यावर खर्च करता येतो. आम्ही प्रयत्न केला. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआरच्या मुलांनी खूप आपुलकीने ऐकून घेतलं, बेड दिले, सोलर वॉटर हीटर दिला, त्यांचे उपकार आहेतच. पण ज्येष्ठांचं सगळं करणाऱ्या रात्रपाळीच्या मावशींचा पगार द्याल का विचारलं तर म्हणाले काका, पगार बसत नाही, आम्हाला तीन वर्षांत संपणारं प्रोजेक्ट लागतं. नियमच तसा आहे, चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे जास्तीत जास्त तीन वर्षं. आता म्हातारपण काही तीन वर्षांत संपत नाही. पडून असलेल्या आजींना तीन वर्षांनंतर आम्ही काय सांगायचं, की प्रोजेक्ट क्लोज झालं? खासदार निधीचंही तेच, वर्षाला ५ कोटी असतात पण ते टिकाऊ बांधकामासाठी, रोजच्या खर्चाला त्यातून एक रुपया देता येत नाही. सोशल स्टॉक एक्स्चेंज म्हणून नवीन काढलंय, तिथून संस्थांना पैसा उभा करता येतो, पण इश्यू, म्हणजे एका वेळची उभारणी, किमान ५० लाखांची लागते, आमच्यासारख्या संस्थेला ती झेपणारी नाही.

केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना ही त्यातल्या त्यात एक अशी आहे की जिच्यातून वृद्धाश्रम चालवायला अनुदान मिळतं. २५ निराधार ज्येष्ठांचं घर, महिलांसाठी ५० चं घर, आणि अल्झायमर किंवा कायम अंथरुणावर असलेल्यांसाठी किमान २० जणांचं घर असे प्रकार त्यात आहेत. हा शेवटचा प्रकार खरा गरजेचा आहे आणि तो प्रत्येक तालुक्यात हवा. पण पुन्हा निराधार ही अट, आणि अनुदान हातात पडेपर्यंत किराणावाल्याची उधारी संस्थेनेच सांभाळायची. ज्यांनी चालवलंय त्यांना विचारा.

यात एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही ती मुद्दाम सांगतो. २०१६ पासून केंद्राकडे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी आहे. पोस्टातली अल्पबचत, पीपीएफ, ईपीएफ यांच्या बंद पडलेल्या खात्यांत वर्षानुवर्षं कोणी न मागितलेला पैसा, आणि विम्याचे १० वर्षांहून जास्त काळ पडून असलेले पैसे या निधीत जातात. (बँकेतल्या बेवारस ठेवी यात येत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या फंडात जातात, आमच्या संघातही बऱ्याच जणांचा यात गोंधळ होतो.) वारसाला २५ वर्षांपर्यंत क्लेम करता येतो, त्यानंतर ते सरकारजमा. म्हणजे बघा, हा पैसा मुळात कोणाचा? कोणीतरी म्हातारपणासाठी म्हणून साठवलेला आणि वापरायला मिळाला नाही असा. तो म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या देखभालीसाठीच खर्च व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्याच्यावरच्या व्याजातून जिल्ह्यांना दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळाली तर अनुदानासारखी वाट बघावी लागणार नाही.

आता खर्च नेमका कुठे होतो ते सांगतो, कारण मंत्रालयात बसून योजना लिहिणाऱ्यांना हे डोळ्यासमोर येत नसावं. समजा ३० ज्येष्ठांचं एक निवास आहे. त्यातले २० जण स्वतःचं स्वतः करतात, १० जणांना उठवणं, अंघोळ, जेवण भरवणं, डायपर बदलणं असं सगळं लागतं. या १० जणांसाठी प्रत्येक पाळीत २ मावशी लागतात, तीन पाळ्या म्हणजे ६, आणि सुट्टी-आजारपण धरून वरच्या २, एकूण ८. आमच्या भागात १४ हजारांच्या खाली चांगली बाई टिकत नाही आणि टिकूही नये, ते काम करून बघा म्हणजे कळेल. ८ गुणिले १४ हजार, १ लाख १२ हजार. म्हणजे मदत लागणाऱ्या एका माणसामागे फक्त मावशींचे ११ हजार २०० रुपये. दिवसाला ३ डायपर धरले तर महिन्याला तीनेक हजार. जेवण, दूध, गॅस, लाईट, धुणं, नर्सची फेरी धरली की २० हजारांच्या घरात जातं, आणि यात मी इमारतीचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता एक पैसाही धरलेला नाही. इमारत फुकट मिळाली तरी हा आकडा कमी होत नाही! परवडणारं असिस्टेड लिव्हिंग म्हणताना सगळे चौरस फुटाचा दर बोलतात, पण खरा खर्च चौरस फुटात नाही, तो माणसांत आहे.

त्यात जीएसटीचं एक आहेच. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमाला माणशी महिना २५ हजारांपर्यंत जीएसटी माफ आहे, ही मर्यादा २०१८ साली ठरली. तेव्हा ती पुरेशी होती. आता मुंबईत पडून असलेल्या पेशंटचा खर्च सहज त्याच्या वर जातो आणि मग सेवाभावी संस्थेलाही टॅक्स लावावा लागतो. ही मर्यादा वाढवायला काही वेगळी तिजोरी उघडावी लागत नाही, एक निर्णय पुरेसा आहे. सत्तरीवरच्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत हे फार चांगलं झालं, पण ते हॉस्पिटलात ॲडमिट असेपर्यंत. डिस्चार्ज मिळाला की पुढचे सहा महिने उठवून बसवणारं कोण, याला कुठलंच कार्ड चालत नाही.

काही जण म्हणतील, घर आहे ना स्वतःचं, ते विका किंवा रिव्हर्स मॉर्गेज करा. बँकेतला माणूस म्हणून यावर बोलतो. ही योजना २००७ च्या बजेटमध्ये जाहीर झाली, कागदावर उत्तम आहे, घर बँकेकडे तारण, तुम्ही मरेपर्यंत राहा, महिन्याला पैसे घ्या, आणि त्यावर इन्कम टॅक्सही नाही. पण चालली नाही. एक तर टायटल क्लिअर पाहिजे, आणि आपल्याकडे किती सोसायट्यांचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही, पागडीची घरं, गावठाणातले वाडे, भावाभावांत न झालेल्या वाटण्या, यातलं काहीच बँक तारण घेत नाही. आणि मुलांना न विचारता घर तारण ठेवायला आईवडिलांचं मन धजत नाही, हे खरं आहे आणि त्यांना त्यासाठी नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे पंतप्रधान आवासमध्ये जायचं तर देशात कुठेही पक्कं घर नसलं पाहिजे ही अट. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर हे विकून पैसा पण देत नाही आणि दुसरीकडे दार पण बंद करतं.

माझं म्हणणं असं आहे की नवीन काही शोधायची गरज नाही, जे आहे ते एकत्र आणा. जागेचं आधी. आपल्याकडे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बिल्डरने २० टक्के छोटी घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी द्यायची असा नियम आहे, ती म्हाडाच्या लॉटरीत जातात. यातली तळमजल्याची काही घरं विकू नका. महापालिकेकडे ठेवा आणि ज्येष्ठांना भाड्याने द्या, आयुष्यभरासाठी, वारसाहक्क नाही. माणूस गेला की घर पुढच्या ज्येष्ठाला. पंतप्रधान आवास २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा भाग आहे, त्यात सरकारी पैशातून बांधून रिकामी पडलेली घरं भाड्याने द्यायची सोय आहे, आणि नव्या बांधकाम तंत्राने नवीन बांधायलाही चौरस मीटरमागे केंद्र ३००० आणि राज्य २००० रुपये अनुदान देतं. त्या यादीत कामगार आहेत, नोकरदार महिला आहेत, विद्यार्थी आहेत, बेघर आहेत. ज्येष्ठांना एकूण योजनेत प्राधान्य म्हटलंय पण भाड्याच्या घरांत त्यांचा वेगळा कोटा करा, आणि 'पक्कं घर नको' ही अट भाड्याच्या बाबतीत तरी सत्तरीनंतर काढा. महारेराने (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी रॅम्प, लिफ्ट, व्हीलचेअर जाईल इतके रुंद दरवाजे वगैरे किमान निकष ठरवून दिलेत, तेच निकष इथे लावायचे. आणि आमच्या नाशिकपुरतं सांगायचं तर सिंहस्थासाठी आता शहरात एवढा पैसा येतोय, त्यातून जी पक्की बांधकामं होतील त्यातली एखादी इमारत मेळ्यानंतर ज्येष्ठांसाठी वापरायची असं आत्ताच ठरवून तसा नकाशा काढला तर नंतर तोडफोड करावी लागणार नाही.

सिंगापूरचं मला फार पटतं. तिथे २०२१ पासून सरकारी हाउसिंग बोर्डाने पासष्टीच्या पुढच्यांसाठी ३२ चौरस मीटरचे छोटे फ्लॅट काढले, लीज १५ ते ३५ वर्षांची, आपल्या वयाप्रमाणे घ्यायची, त्यामुळे किंमत कमी. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या फ्लॅटबरोबर देखभालीचं एक बेसिक पॅकेज घ्यावंच लागतं, इमर्जन्सीला धावून येणारं माणूस, तब्येतीची तपासणी, किरकोळ दुरुस्ती, सगळ्यांची विचारपूस करणारा मॅनेजर. घर आणि माणूस एकत्र विकलं, वेगळं नाही. जपानने तर २००० सालीच देखभालीचा विमा काढला, चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि निम्मा पैसा सरकारने करातून घालायचा. आपण जपानएवढे श्रीमंत नाही हे मान्य, पण १९९६ च्या कायद्यापासून बांधकाम कामगारांसाठी बांधकाम खर्चावर १ टक्का सेस आपण घेतोच ना. तो घेतला म्हणून बांधकामं थांबली नाहीत. तसाच अगदी छोटा हिस्सा, वाढीव एफएसआयच्या (प्लॉटवर जादा बांधकामाच्या परवानगीच्या) प्रीमियममधून म्हणा, ज्येष्ठांच्या देखभालीसाठी बाजूला काढता येईल. गावाच्या जमिनीची किंमत जी वाढली ती याच पिढीने गाव वसवलं म्हणून.

आणि मागणी फार मोठी नाही. मदतीशिवाय उठता येत नाही असं सरकारी डॉक्टरने सर्टिफिकेट दिलेल्या ज्येष्ठामागे, तो निराधार असो वा नसो, पण वर्षाचं उत्पन्न समजा ३ लाखांच्या आत असेल, तर नोंदणीकृत निवासाला महिना ५००० रुपये देखभाल अनुदान द्या. दर महिन्याला, थेट खात्यात. राज्यात सुरुवातीला १० हजार ज्येष्ठ धरले तर वर्षाला ६० कोटी होतात. महाआवास निधी २० हजार कोटींचा आहे. ५००० मध्ये सगळं भागणार नाही, ज्येष्ठ स्वतःच्या पेन्शनमधून घालतील, मुलं घालतील, संस्था देणग्या मागतील, ते आम्ही करतोच आहोत. पण ही ५००० ची खात्री असली तर आम्ही त्या मावशींना नोकरीचं पत्र देऊ शकतो, त्यांचा पीएफ भरू शकतो. आज पगाराची तारीख जवळ आली की आम्ही फोन करत बसतो. अशा अनिश्चितीत कोण बाई टिकेल, आणि बाई दर दोन महिन्यांनी बदलली की ज्यांची स्मृती गेलीय त्या आजी-आजोबांचे किती हाल होतात ते शब्दांत सांगता येत नाही.

संपादक साहेब, तुमच्या पेपरच्या जिल्हा आवृत्त्या आहेत. प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन-तीन संस्थांकडून एका ज्येष्ठामागचा महिन्याचा खर्च मागवा आणि त्यात मावशींचा पगार किती हे वेगळं छापा. आम्ही आमचा हिशेब द्यायला तयार आहोत, ऑडिट केलेला. महापालिकेत निवडून आलेल्यांना आणि आमदारांना तो दाखवून विचारा की २० टक्क्यांतली तळमजल्याची घरं ज्येष्ठांना भाड्याने द्यायचा ठराव तुम्ही मांडणार का आणि कधी. त्यांची उत्तरं नावानिशी छापा.

आपला,
एका ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार, नाशिक